साठीनंतर धावणाऱ्यांचे ताट

जबलपुरात मराठी वस्ती जुनी आहे. १७९८ साली नर्मदेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि वीसेक वर्षांत इंग्रजांकडे गेला, पण घरे राहिली. पुढे रेल्वे, १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, १९४२चा खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ची व्हेइकल फॅक्टरी, वीज मंडळ आणि हायकोर्ट यांच्या नोकऱ्यांनी ही वस्ती वाढली. या नोकऱ्यांतून निवृत्त झालेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. पहाटे भंवरतालच्या बागेत, ग्वारीघाटाकडे किंवा डुमना रस्त्याला फिरायला जाणाऱ्यांत तिचा मोठा भरणा असतो, आणि त्यांतले काही जण चालता चालता धावू लागलेले आहेत. अशा माणसाने खावे काय, या प्रश्नाला आपल्या घरांत एक ठरलेले उत्तर असते: वय झाले, आता हलके खा, रात्री खिचडीवर भागवा, पोट थोडे रिकामे ठेवा. बसून राहणाऱ्याला हा सल्ला काही अंशी लागू पडतो. धावणाऱ्याला मात्र तो मारक आहे. उतारवयातल्या धावण्याची खरी अडचण दमापेक्षा पायांची असते, आणि हलक्या ताटावर पाय टिकत नाहीत. आजवरच्या अभ्यासांचा रोख याच बाजूला आहे, असे माझे मत आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार आहेत, म्हणून दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

आधी या वयात धावावे की नाही, हे निकालात काढू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ साली पन्नाशी उलटलेल्या पाचशेहून अधिक धावपटूंची आणि चारशेहून अधिक न धावणाऱ्यांची नोंद सुरू केली. एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले होते. उठणे, चालणे, कपडे घालणे अशा रोजच्या कामांतले परावलंबनही धावणाऱ्यांना पुष्कळ उशिरा आले. या काळात त्यांचे धावणे आठवड्याला चार तासांवरून सव्वा तासावर उतरले होते, तरी फरक टिकून राहिला. २०१४ साली ५५ हजारांवर माणसांच्या दुसऱ्या एका अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांनाही लाभ दिसला. यावर शंका अशी की, मुळात ठणठणीत असलेली माणसेच धावतात, मग श्रेय धावण्याला का द्यायचे? शंका रास्त आहे. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, संबंध दाखवतात. पण व्यायामाने रक्तदाब, साखर आणि हृदय यांवर काय परिणाम होतो हे प्रयोगांनी वेगळे तपासलेले आहे, आणि ते याच दिशेला बोट दाखवते. गुडघ्यांची भीती तर बरीचशी निराधार ठरली. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली केलेल्या पाहणीत हौशी धावकांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची सांधेझीज ३.५ टक्के होती आणि बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी अतोनात धावणाऱ्यांमध्ये ती १३.३ टक्के निघाली, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे आणि ते विसरू नये. ज्याचा गुडघा आधीच झिजला आहे किंवा ज्याला चालताना छातीत दाटते, त्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय धावण्याच्या वाटेला जाऊ नये.

आता वयाबरोबर नेमके काय उणावते ते पाहू. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव न सोडणाऱ्यांत हा उतार जवळजवळ निम्म्यावर येतो. २०१३ साली जन्मभर बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा सराव ठेवलेल्या ऐंशीपुढच्या माणसांची तपासणी झाली, तेव्हा त्यांची क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ३८ मिलिलिटर आढळली आणि त्याच वयाच्या सराव नसलेल्यांची २१. म्हणजे हृदय आणि फुप्फुसे सरावाला चांगली साथ देतात. पायांचे तसे नाही. म्हातारा धावणारा हळू का पडतो, हे त्याच्या पावलांकडे पाहून कळते. दर मिनिटाला पडणारी पावले फारशी कमी होत नाहीत. पाऊल आखूड होते. आणि ते आखूड होते कारण टाच उचलून जमीन मागे रेटणारी पोटरी आणि घोटा यांतला जोर गेलेला असतो. स्नायूंतले झटक्याने आकुंचन पावणारे तंतू वयाबरोबर आधी झिजतात, आणि संथ धावण्याला त्यांचे काम पडत नाही, म्हणून नुसते धावून ते राखले जात नाहीत. त्यांना जड भार लागतो. बोस्टनमध्ये १९९४ साली वृद्धाश्रमातल्या सरासरी ८७ वर्षांच्या शंभर अशक्त माणसांवर प्रयोग झाला. दहा आठवडे पायांनी वजने रेटणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, इतरांची ३ टक्क्यांनी. ज्यांना वजनांशिवाय नुसते पोषक पेय दिले त्यांच्या ताकदीत काहीच फरक पडला नाही. नुसत्या खाण्याने पाय सुधारतील असे समजणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. खाणे हा या जोडीतला दुसरा गडी आहे. पहिला भार उचलणे.

पण भार उचलला आणि ताटात बांधकामाचा माल नसला, तर काय? उतारवयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात. तरुण पुरुषाच्या स्नायूंची बांधणी एका जेवणात दर किलो वजनामागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिनांनी पूर्ण वेग घेते. सत्तरीच्या पुरुषाला त्यासाठी ०.४० ग्रॅम लागतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसले. साठ किलोच्या माणसाला म्हणजे एका बैठकीला चोवीस ग्रॅम. दिवसाचा हिशोबही तसाच वर सरकतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम ठरवले. २०१३ साली युरोपातील वार्धक्यतज्ज्ञांच्या पुढाकाराने बसलेल्या अभ्यासगटाने पासष्टीपुढच्यांना १ ते १.२ ग्रॅम आणि व्यायाम करणाऱ्यांना १.२ किंवा जास्त सुचवले. या शिफारशीला विरोध करणारा चांगला पुरावाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात हालचालींना मर्यादा आलेल्या वृद्ध पुरुषांना सहा महिने ०.८ किंवा १.३ ग्रॅम प्रथिने दिली गेली आणि जास्त खाणाऱ्यांचे स्नायू वाढले नाहीत. मी हा निकाल मानतो. मात्र त्या माणसांकडून भाराचा व्यायाम करून घेतलेला नव्हता, आणि कमी प्रथिनांच्या गटालाही ०.८ ग्रॅम मोजून-मापून मिळत होते. आपल्या घरांत प्रश्न ०.८ वरून १.३ वर जाण्याचा नाही. आपण ०.८ च्याही अलीकडे आहोत.

हे म्हणणे ताट मांडूनच तपासायला हवे. साठ किलोचा, शाकाहारी, साठीपुढचा माणूस घ्या. सकाळी चहाबरोबर टोस्ट, मग एक बशी पोहे: पन्नास ग्रॅम पोहे आणि मूठभराहून कमी शेंगदाणे मिळून सहा ग्रॅम प्रथिने. जबलपूरच्या रिवाजाप्रमाणे पोह्यांबरोबर जिलबी आली तर साखर वाढते, प्रथिने नव्हे. दुपारी दोन पोळ्यांचे सहा ग्रॅम, वाटीभर पातळ वरणाचे चार, मूदभर भाताचे तीन, वाटीभर दह्याचे तीन. रात्री मुगाच्या खिचडीचे आठ-दहा आणि झोपताना पेलाभर दुधाचे सहा. बेरीज चाळीसच्या आसपास भरते, तीही एकाही बैठकीला चोवीसच्या जवळ न जाता. वरणाच्या वाटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. तूरडाळीत शंभराला एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, पण आपल्या वाटीत डाळ पंधरा-वीस ग्रॅमच असते, बाकी पाणी. तरीही वरण-भात खाल्ला की प्रथिने झाली, असे आपण धरून चालतो.

हे ताट पालटायला परदेशी डबे लागत नाहीत. सकाळी पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी, दीडशे ग्रॅम दही आणि पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी घेतली की तेवीस ग्रॅम होतात. दुपारी वरण घट्ट करून त्याच्या जोडीला मटकीची किंवा चवळीची उसळ घेतली तर तेवढेच. रात्रीच्या खिचडीत पंचवीस ग्रॅम सोयाबीन वड्या घातल्या की त्यांचेच बारा-तेरा ग्रॅम वाढतात. अंडी खाणाऱ्याला दोन अंड्यांत हेच काम उरकते. सोयाबीनच्या बाबतीत जबलपूरला तर बाहेर पाहायची गरज नाही. १९६४ साली येथे स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने मध्य भारतात सोयाबीन रुजवले. विदर्भ-मराठवाड्यात वर्षानुवर्षे पेरले गेलेले जे.एस. ३३५ हे वाण याच विश्वविद्यालयाचे, ‘जवाहर’ नावाचे. एवढे पिकून माल जातो तेलाच्या गिरण्यांत आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. माणसाच्या ताटात तो फार थोडा येतो, याची मला खंत वाटते. हिवाळ्यात जबलपूरचा मटार देशभर जातो. ओल्या मटारात शंभराला सातेक ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणून मटारभात करताना मटार भाताइतका घातला तर त्याला अर्थ आहे. मंडला-डिंडोरीच्या कोदो-कुटकीचे सध्या फार कौतुक होते. २०२३ या भरडधान्य वर्षाने ते वाढवले आणि साखरेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण कोदोत शंभराला नऊ ग्रॅमच्या आत प्रथिने आहेत आणि कुटकीत दहाच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या बरोबरीला किंवा खाली. भाताऐवजी कुटकी जरूर खावी, डाळीऐवजी नाही.

नर्मदेच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या मनात एक आक्षेप हमखास येईल. साठी ओलांडलेली किती तरी मराठी माणसे दरवर्षी नर्मदा परिक्रमा पायी करतात आणि सदाव्रतात मिळेल त्या डाळ-तांदळावर, टिक्कडांवर महिनोन्‌महिने चालतात. जबलपूरचेच चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर नर्मदेकाठाने चालू लागले आणि म्हातारपणीही चालत राहिले. पंजाबचे फौजासिंग तर नव्वदीला टेकल्यावर मॅरेथॉन धावू लागले, २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तास अकरा मिनिटांत पुरी केली, आणि त्यांचे खाणे फुलके, डाळ, भाजी, दही, दूध एवढेच होते. मग चोवीस ग्रॅमचा हा हिशोब कशाला? या उदाहरणांबद्दल मला अतिशय आदर आहे, पण त्यांतून हलक्या ताटाची शिफारस निघत नाही. चालण्यात एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावण्यात प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो, त्यामुळे पोटरीकडून होणारी मागणी वेगळी असते. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारा परिक्रमावासी हलके खातही नाही. साधे खातो, पण भरपूर खातो, आणि सहा-आठ टिक्कड आणि पातेलीभर डाळ पोटात गेली की प्रथिने आपोआप वाढतात. घरी परतून तेच माप तो खात नाही. फौजासिंगांच्या ताटात दूध-दही रोज होते, आणि एका असामान्य माणसाच्या टिकण्यावरून सर्वसामान्यांचा आहार ठरवता येत नाही. तशाच आहारावर जे थकले, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत.

दुसरा आक्षेप मराठी घरांत जास्त जोरकस आहे, तो दोन वेळा जेवण्याचा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर नेलेला विचार असा की दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, मधे काही खाऊ नये आणि रोज पाऊण तास चालावे. पोट सुटलेल्या, साखर वाढू लागलेल्या माणसाला सतत चरण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. आपली शरीरे मुळात त्या बाजूला झुकलेली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे भारतीय माणूस सडसडीत दिसला तरी त्याच्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. माझा मुद्दा याच मोजमापावर उभा आहे. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लकच कमी, त्याने वजन उतरवताना दुप्पट काळजी घ्यायला हवी. २०१७ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात पासष्टीपुढच्या स्थूल माणसांचे वजन आहार कमी करून उतरवले गेले. ज्यांनी सोबत फक्त चालण्या-सायकलीसारखा दमाचा व्यायाम केला त्यांचे चरबीखेरीजचे वजन २.७ किलोने घटले, वजने उचलणाऱ्यांचे एका किलोने. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक कार्यक्षमता सर्वांत जास्त सुधारली. तेव्हा दोनदा जेवायचे असेल तर जेवा, पण त्या दोन बैठकींत तीस-पस्तीस ग्रॅमप्रमाणे प्रथिने बसतात का ते पाहा. शाकाहारी, भूक मंदावलेल्या माणसाला हे साधत नाही, असे मला वाटते. साखर ताब्यात असलेल्या, सडपातळ, आठवड्यातून तीन-चार दिवस धावणाऱ्याने तीन वेळा खावे.

एवढ्या डाळी-उसळी पचतील का, आणि मूत्रपिंडांचे काय? मूत्रपिंडे निरोगी असतील तर किलोमागे १.२ ग्रॅमने ती बिघडतात, असा पुरावा नाही. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर हिशोबच निराळा, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असलेल्याने ही तपासणी आधी करावी. पचनाचा त्रास खरा आहे. त्यावर मोड आणणे, भिजवणे, शिजवताना हिंग-जिरे घालणे आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवणे हे उपाय घरातल्या बाईला आधीपासून ठाऊक आहेत. एकादशीला साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, दही आणि सिहोराच्या बाजूचा शिंगाडा जवळ करावा. पावडरी, बीटरूटचे रस, हळदीच्या गोळ्या यांवर जागा खर्च करण्याइतका लाभ मला दिसत नाही.

बी-१२ची गोष्ट मात्र थांबून सांगावी लागेल, कारण धावणाऱ्याच्या पायाशी तिचा थेट संबंध आहे. डॉ. याज्ञिकांच्याच गटाने २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांत हे जीवनसत्त्व कमी होते आणि शहरी मध्यमवर्गीयांत ८१ टक्क्यांत. ते प्राणिज अन्नातच असते. शाकाहाऱ्याला दूध-दह्यावर भिस्त ठेवावी लागते. वयाबरोबर जठरातले आम्ल घटते आणि अन्नातले बी-१२ सुटून येत नाही. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी ओमेप्रेझोलसारखी गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर शोषण आणखी कमी होते. परिणाम नुसता थकवा नसतो. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, तळव्याखालच्या जमिनीची जाण बोथट होते, तोल जातो. पहाटेच्या अंधुक उजेडात डुमन्याच्या चढउतारावर अशा पायांनी धावणारा पडणारच. रक्ततपासणी साधी आहे, गोळी स्वस्त आहे आणि साठीपुढच्या शाकाहारी धावकाने ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. येथे अन्नातूनच सगळे मिळाले पाहिजे असा हट्ट धरू नये.

पाण्याचे गणित जबलपूरच्या उन्हाळ्यात चुकते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पहाटही उबदार असते. त्यात वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आधीच कमी असते. धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. किलोभर घटले तर साधारण लिटरभर घाम गेला असे समजून ते दिवसभरात भरून काढावे. उलट चूकही होते. संथ गतीने तासन्‌तास धावणाऱ्याने घोटाघोटाला पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरून शुद्ध हरपू शकते. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरते. रक्तदाबाच्या रुग्णाने मिठाचे माप डॉक्टरांना विचारावे. तासाभराच्या धावेआधी पोटभर खाण्याची गरज नसते, केळे पुरे. पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने अनशापोटी धावू नये आणि खिशात साखर ठेवावी.

या विषयावरचे बरेचसे अभ्यास पुरुषांवर झाले आणि आपल्याकडची चर्चाही पुरुषांच्या ताटाभोवतीच फिरते, ही उणीव मोठी आहे, कारण धोका बायकांना जास्त आहे. पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात. आयुर्विज्ञान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत अशा स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे, आणि पेलाभर दुधातून त्यातले अडीचशेच्या आसपास मिळते. वजन उतरवण्याच्या वर उल्लेखलेल्या प्रयोगात फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता २.६ टक्क्यांनी घटली, वजने उचलणाऱ्यांची अर्ध्या टक्क्याने. म्हणून साठीच्या बाईला सकाळच्या फेऱ्यांइतकीच आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यांची गरज आहे. तिच्या ताटाची अडचण मात्र स्वयंपाकघरातच होते. सगळ्यांचे झाल्यावर ती जेवते, तोवर दही संपलेले असते, उसळीचा रस्सा उरतो आणि भात भरपूर असतो. तिच्या वाटची उसळ आणि दह्याची वाटी पंगत बसण्यापूर्वीच काढून ठेवावी, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी तरी करावे.